डॅमेज रीलमधून कामाचा कागद कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅमेज रील (गिरणीतून येणारी कागदाची मोठी गुंडाळी, वाटेत किंवा गोडाऊनमध्ये खराब झालेली) घेऊन वह्या, पावती बुकं, पिशव्या करणाऱ्या लोकांचे तेच तेच प्रश्न येऊन राहिले, म्हणून एकदाचे एका जागी लिहून काढले. बल्लारपूरसारखी कागद गिरणी आपल्याच भागात आहे, नागपुरात मोठे गोडाऊन आहेत, त्यामुळे असा माल तालुक्याच्या गावापर्यंत सहज पोचते. घेणारे पण वाढले, आणि फसणारे पण. आधीच्या उत्तरात जे आलं ते पुन्हा लिहिलं नाही, त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. डॅमेज रील म्हणजे रद्दीच ना? मग रद्दीपेक्षा जास्त भाव काहून द्यायचा?

रद्दी वेगळी अन् डॅमेज रील वेगळी. मोठ्या छपाई मशीनवर कागद मिनिटाला शेकडो मीटर पळतो, तो पण ताणलेला, त्यात काठाला नखाएवढी चीर असली तरी तिथून टर्रकन फाटतो आणि पूर्ण मशीन थांबते. म्हणून प्रेसवाला अशी रील हात न लावता बाजूला टाकतो. त्याच्या कामाची ती नाही हे खरं, पण आपण कुठं कागद पळवून राहिलो, आपण टेबलावर शीट कापणार. काठाची अर्धा सेंमी चीर आपल्याकडं कटिंगमध्येच निघून जाते.

म्हणून रील पाहिली की स्वतःला एकच गोष्ट विचारायची, ही पळायला खराब आहे का हिचा कागदच खराब आहे. काठ तुटला, चपटी झाली, कोर (मधली पुठ्ठ्याची नळी) दबला, वेढे सरकले, हे सगळं पळण्याचं दुखणं, अशी रील चांगल्या कागदाच्या खालच्या भावात घ्यायला हरकत नाही. पाणी, बुरशी, उंदराचं मूत, डिझेलचा वास, हे कागदाचं दुखणं, त्याला रद्दीचाच भाव द्या, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

२. गोडाऊनमध्ये रील पाहायला गेलो तं काय काय तपासायचं?

आधी लेबल. त्याच्यावर जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन), रुंदी, निव्वळ वजन, रील नंबर असतो. लेबल फाडून टाकलं असेल तं तिथंच कान टवकारायचे. मग वजन काट्यावर स्वतः करून घ्या. लेबलवर ३०० आणि काट्यावर ३३० आलं तं वरचे ३० किलो बहुतेक पाणी आहे, आणि २६० आलं तं वरचे वेढे कोणीतरी आधीच सोलून नेलेत. चांगल्या कागदात पण साधारण ५-६ टक्के ओलावा राहतेच, तो लेबलच्या वजनात धरलेला असतो.

मग दोन्ही तोंडं पाहायची (तोंड म्हणजे रीलची गोल बाजू, जिथं सगळ्या वेढ्यांचे काठ दिसतात). खालचं तोंड दाखवायला दुकानदार कंटाळा करतो, त्याला रील आडवी करायला लावा, खरा माल खालीच लपलेला असतो. पिवळसर-तपकिरी डाग म्हणजे पाणी येऊन गेलं. काठावर चीर असेल तं पातळ स्टीलची पट्टी आत सरकवून खोली मोजा, बोटानं अंदाज घेऊ नका. नाक लावून वास घ्या. शेवटी कोरमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून नळी गोल आहे का पाहा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात आणि लोक तेवढी पण देत नाहीत.

३. वरून एकच इंच खराब आहे म्हणतात. एका इंचानं असा काय फरक पडते?

लय फरक पडते. इथंच सगळ्यात जास्त लोक बुडतात म्हणून जरा नीट समजून घ्या. रीलचा कागद बाहेरच्या बाजूला जास्त असतो, कारण बाहेरचा एक वेढा आतल्या वेढ्यापेक्षा कितीतरी लांब. मीटरभर व्यासाची रील घ्या, कोर तीन इंची म्हणजे ७६ मिमीचा. वरून चारी बाजूनं एक इंच गेलं तं जवळपास १० टक्के कागद गेला. दोन इंच गेले तं १९ टक्के. चार इंच म्हणजे १० सेंमी गेले तं ३६ टक्के, एक तृतीयांशाच्या वर! आणि तोच एक इंच कोरला चिटकून खराब असेल तं नुकसान फक्त १ टक्का.

रील लहान असली की हिशोब अजून कडक होते. ६० सेंमी व्यासाच्या रीलचा वरचा एक इंच म्हणजे १६ टक्के.

हिशोब असा करायचा: पूर्ण व्यासाचा वर्ग घ्या, त्यातून कोरच्या व्यासाचा वर्ग वजा करा, हा झाला सगळा कागद. मग खराब भाग सोडून जो व्यास उरतो त्याचा वर्ग घ्या, त्यातून पण कोरचा वर्ग वजा करा, हा चांगला कागद. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. लक्षात ठेवा, एक इंच दोन्ही बाजूनं जाते म्हणून व्यास दोन इंचानं कमी होतो, हे विसरून अर्धाच तोटा धरणारे खूप आहेत.

पण थांबा, हा हिशोब खराबी चारी बाजूनं असेल तेव्हाचा. एकाच जागी खड्डा किंवा चीर असेल तं एवढा कागद जात नाही, ते प्रश्न ६ मध्ये.

४. एका रीलमधून किती वह्या निघतील हे घेण्याआधी कसं काढायचं?

किलोला १००० नं गुणा, मग जीएसएम आणि रुंदी (मीटरमध्ये) यांच्या गुणाकारानं भागा, मीटर निघतात. ३०० किलो, ५८ जीएसएम, ७० सेंमी रुंद रील असेल तं ३,००,००० भागिले ४०.६, म्हणजे साधारण ७,४०० मीटर. यातून १७ × २७ इंची शीट काढायची तं २७ इंच रुंदीत बसते आणि दर १७ इंचावर (४३ सेंमी) काप, असे १७,००० च्या वर शीट, म्हणजे ३४ रीम (५०० शीटची एक). एका शीटचे ८ कागद होतात, कागदाच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं, तं ९६ पानी वहीला ४८ कागद म्हणजे ६ शीट. कागदोपत्री २,८०० वह्या झाल्या.

यातून प्रश्न ३ चा तोटा वजा करा, वर कटिंग-बाइंडिंगची घट धरा. मी डॅमेज मालावर आणखी १० टक्के धरतो, कोणी म्हणेल जास्त आहे, म्हणू द्या.

५. ट्रकमधून रील उतरवायची कशी? गावात क्रेन कुठून आणायची?

क्रेन लागत नाही, अक्कल लागते. ट्रकच्या फाळक्याखाली जुने टायर दोन-तीन थरात ठेवा, जाड फळ्यांचा उतार करा, रीलला दोराचा वेढा देऊन दोर ट्रकच्या वरच्या अंगाला दोन माणसांच्या हातात ठेवा आणि हळूहळू सोडा. उताराच्या खाली कोणी उभं राहायचं नाही. ३०० किलो एकदा सुटले की हातानं थांबत नाहीत. पोरं जमतातच पाहायला, त्यांना आधी हाकला. खाली आली की लगेच दोन्ही बाजूनं लाकडी पाचर मारा.

टायरशिवाय वरून ढकलून दिली की रील चपटी होते आणि आतले शेकडो वेढे एका जागी फुटतात. घेतली होती तेव्हा चांगली होती, घरी आणून डॅमेज केली, असले किस्से कमी नाहीत.

६. एकाच जागी खोल चीर आहे, बाकी रील चकाचक. पूर्ण वरचा थर काढावा लागेल का?

थर काढावा लागेल पण फेकावा लागणार नाही. लोक काय करतात, रीलवर कुठंही सुरी चालवतात आणि सोललेला सगळा कागद रद्दीत टाकतात. तुम्ही सुरी त्या चिरेवरूनच चालवा, रीलच्या रुंदीला सरळ, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. म्हणजे काय होते, प्रत्येक वेढा उघडून एक लांब शीट बनतो आणि खराब जागा त्याच्या दोन्ही टोकाला जाते, मधला सगळा कागद साबूत.

मीटरभर व्यासाच्या रीलचा वरचा वेढा ३.१४ मीटरचा. त्यात ४३ सेंमीचे ७ शीट बसतात आणि वर १२ सेंमी उरतात. म्हणजे चीर अन् तिच्या आजूबाजूचा चुरगळलेला कागद मिळून १२ सेंमीच्या आत असला तं अगदी वरच्या वेढ्यांमध्ये तुमचा एक पण शीट गेला नाही! साधारण दोन सेंमी खोल गेलं की वेढा तीन मीटरच्या खाली येतो, मग ७ चे ६ शीट होतात आणि टोकाला भरपूर उरते, त्याची पावती बुकं करा.

कापायची पद्धत: रील आडवी, दोन्ही बाजूला पाचर, चीर वरच्या बाजूला. धारदार कटर, लोखंडी पट्टी लावून, एका वेळी वीस-पंचवीस वेढेच. ते उचलून खाली पाहा, चीर अजून आहे का? असेल तं पुढचे. चीर संपली की थांबा, आणखी चार वेढे खात्रीसाठी काढा आणि बस. एकदम दाबून खोल कापलं तं चीर जिथं संपली होती त्याच्या खालचा चांगला कागद पण तुम्हीच कापून ठेवला. सुरी अंगाकडं ओढायची नाही, दुसऱ्या हातात जाड हातमोजा. ग्राइंडर लावून कापायची आयडिया कोणाला तरी दरवर्षी सुचते, ठिणगी आणि कागदाची भुकटी, पुढचं मी सांगायला नको.

काढलेले शीट गोलाई धरून बसतात. सपाट जागेवर उलटे (पोट खाली) ठेवून वर फळी आणि विटा, एक-दोन रात्रीत बसतात.

७. काठ तुटला आहे, एका बाजूनं तीन सेंमी आतपर्यंत. काय करू?

आधी पाहा की सगळ्याच वेढ्यांचा तुटला का काहींचाच. वरच्या दोन इंचाचाच असेल तं तेवढेच वेढे वेगळे काढा, खालचा कागद पूर्ण रुंदीचा वापरा. अख्ख्या रीलची रुंदी कमी करून टाकणं म्हणजे पायावर कुऱ्हाड.

तुटलेल्या भागासाठी साइज बदला. ७० सेंमीतून ३ गेले तं ६७ उरले, त्यात २७ इंच (६८.६ सेंमी) बसत नाही, २६ बसतात. वही थोडी अरुंद होईल, पण दुकानदाराला एकाच साइजची थप्पी मिळाली की तो तक्रार करत नाही. दोन साइज एका गठ्ठ्यात मिसळल्या की मात्र माल परत येतो.

८. रील अंड्यासारखी झाली आहे, गोल फिरतच नाही.

हे सगळ्यात स्वस्तातलं दुखणं आहे, कागदाला काहीच झालेलं नसते. मशीनवर ती धडधडते आणि झटके देते म्हणून तिकडं नापास. आपल्या हाताच्या स्टँडवर हळू सोडली तं पूर्ण कागद निघतो. झटका बसतो तिथं हात लावून आवर घाला, एवढंच. जिथं चपटी झाली तिथं घड्या पडल्या का ते मात्र शीट कापताना पाहत जा. आणि पुढं तरी रील उभी ठेवा, महिनोनमहिने आडवी पडून राहिली की आपल्याच वजनानं बसते.

९. कोर दबला, पाइप आत जातच नाही. आता?

कोर थोडाच दबला असेल तं लाकडाचा निमुळता ठोकळा सुताराकडून घडवून घ्या आणि हळूहळू ठोका, पुठ्ठ्याची नळी बरीच सरळ होते. पार चेपली असेल तं कोरचा नादच सोडा. जमिनीवर दोन लोखंडी पाइप एकमेकाला समांतर, फिरतील असे बसवा, त्यांच्यावर रील ठेवा आणि वरून कागद ओढा, रील पाइपवर आपोआप फिरते. खर्च काहीच नाही. शेवटचे काही वेढे सुरकुतलेले निघतील, त्यांचं दुःख करू नका, का ते प्रश्न ३ मध्ये आहेच.

१०. वेढे एका बाजूला सरकून बाहेर आले. ठोकून आत घालता येते का?

बोटभर सरकले असतील तं रील त्या तोंडावर सपाट फरशीवर उभी करा, वर पूर्ण तोंडभर फळी ठेवून हळूहळू दाब द्या, कधी कधी बसते. हातोडी मारू नका, काठ मुडपतात आणि मग प्रश्न ७ वाला तोटा सुरू. जास्त सरकली असेल तं उचलताना स्टीलच्या ग्लासांच्या चळतीसारखी मधूनच निसटते, म्हणून ती हलवूच नका, जागेवरच बाहेरून वेढे काढत जा.

११. पावसात गोडाऊन गळलं, रील भिजली. वाळवून वापरता येते का?

याच्यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात, जुलै-ऑगस्टात तं रोजच. उत्तर कागद कोणता, पाणी कुठून आलं आणि किती वेळ झाला याच्यावर आहे.

पहिली गोष्ट, अख्खी रील उन्हात ठेवून ती वाळत नाही. बाहेरचे वेढे वाळून कडक होतात आणि आत ओल तशीच, वरून गरम, म्हणजे बुरशीला आयतं घर. रील उघडावीच लागते.

पाणी वरून पडलं असेल तं बाहेरचे वेढे भिजतात, आत जायला वेळ लागतो. ओले वेढे प्रश्न ६ सारखे लगेच कापून वेगळे करा, कोरडा कागद लागला की थांबा. लगेच म्हणजे त्याच दिवशी, दोन दिवस गेले की पावसाळी हवेत बुरशी धरायला लागते. पाणी खालून आलं असेल, म्हणजे रील उभी होती आणि फरशीवर पाणी साचलं, तं मामला वाईट, कारण सगळ्याच वेढ्यांचे काठ एकदम पाणी ओढतात. तिथं रील उलटी करून ओली बाजू वर घ्या, ओल कुठपर्यंत चढली ती रेघ पाहा, आणि तेवढी रुंदी सोडून द्यायच्या तयारीनं शीट कापा. पाच सेंमी चढली असेल तं वाचली म्हणा, वीस चढली तं रद्दीवाल्याला फोन करा.

कागद साधा असेल, म्हणजे वहीचा, वर्तमानपत्राचा, खाकी, तं ओले शीट सुटे करून सावलीत, पंख्याखाली, दोरीवर किंवा पसरून वाळवता येतात. सुरकुत्या राहतात, त्या पूर्ण जात नाहीत, कच्च्या वहीला चालतात. गुळगुळीत चकचकीत कोटेड कागद असेल तं विषय संपला, त्याच्यावरचा थर ओला होऊन वाळताना एकमेकाला चिटकतो आणि वीट बनते. तो ओला आहे तोवरच सुटा केला तं थोडाफार हाती लागतो, एकदा वाळला की नाही.

वर्तमानपत्री कागद उन्हात वाळवू नका. त्याच्यात लाकडाचा लिग्निन तसाच राहिलेला असतो, आपल्याकडच्या उन्हात तो पाहता पाहता पिवळा पडतो.

१२. थोडी बुरशी आहे, पुसून घेतली तं चालेल ना?

लेकरांच्या वह्यांना नाही, खाण्याच्या कशालाच नाही. काळे-हिरवे ठिपके पुसले तरी आतमध्ये राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येतात, शेजारच्या चांगल्या थप्पीला पण लागतात. हाताळताना तोंडाला मास्क लावा, दम्याच्या माणसाला त्या खोलीत पाठवू नका. ठिपके नुसते वरच्या दोन-चार वेढ्यांवर असतील आणि खालचा कागद कोरडा, बिनवासाचा असेल तं खालचा घ्या. बाकी लगद्याला (प्रश्न १८).

१३. उंदीर आणि उधई लागलेली रील?

उंदीर काठ कुरतडतो, तेवढ्यापुरतं प्रश्न ७ पाहा. खरा त्रास त्याच्या मुताचा, पिवळे डाग आणि वास असलेला कागद हातमोज्यानंच उचला आणि रद्दीत टाका. उधई जमिनीतून कोरपर्यंत बोगदा करते, बाहेरून रील ठणठणीत दिसते आणि उघडली की प्रत्येक वेढ्याला त्याच जागी भोक. तोंडावर मातीची बारीक रेघ दिसली की समजून जायचं. पॅलेट नसेल तं विटांवर फळ्या टाका, पण जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा, बाकीचे सगळे घरगुती उपाय याच्यानंतर.

१४. मे महिन्यात कापलेले शीट वळून राहिले, एकमेकाला चिकटून राहिले. कागद खराब आहे का?

कागद चांगला आहे, हवा कोरडी आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं ४५ च्या वर पारा जाते तेव्हा कागदातला ओलावा उडतो, काठ आधी आकसतात आणि शीट वळतो, स्थिर विजेनं चिकटतो. रील जेवढी लागते तेवढीच उघडा, बाकी वेष्टनात राहू द्या. खोलीत ओलं पोतं टांगा किंवा फरशीवर पाणी मारा, कागदावर नाही बाप्पा. कूलर थेट कागदावर सोडू नका, एका बाजूनं फुगतो. जमलं तं कटिंग पहाटे करा.

१५. आमच्याकडं कटिंग मशीन नाही. हातानं किती जमते?

पिशव्या, पावती बुकं हातानं जमतात. वह्यांसाठी शीट ढोबळ कापा, दोन-तीन सेंमी जास्त ठेवून, आणि शेवटचा काप तालुक्याच्या प्रेसमध्ये मजुरीनं करून घ्या. प्रेसवाल्याकडं नेण्याआधी शीट झटकून घ्या, रेती किंवा पिनेचा तुकडा असला तं त्याच्या ब्लेडला खाच पडते आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला दारातूनच परत पाठवतो. डॅमेज मालात गिरणीनं लावलेल्या जोडाच्या चिकटपट्ट्या पण निघतात (काठावर रंगीत चिठ्ठी दिसते), तो जोडाचा शीट काढून टाका.

अजून एक, कागदाचे तंतू रीलच्या लांबीच्या दिशेनं असतात. वहीची शिवण त्याच दिशेत आली तं वही मऊ उघडते, आडवी आली तं पानं ताठ उभी राहतात. प्रश्न ४ मधल्या मापात (रुंदीत २७, लांबीत १७) साडेआठ इंचाची उभी बाजू बरोबर तंतूच्या दिशेत येते. ४३ सेंमी रुंद रील स्वस्त मिळाली म्हणून उलटा काप माराल तं वही उघडल्यावर आपोआप बंद होईल.

१६. आमचा महिला बचत गट आहे, डॅमेज खाकी रीलच्या पिशव्या करतो. खाण्याच्या वस्तूंना देता येतील का ताई विचारून राहिल्या.

ताई, कापड, औषधं, स्टेशनरी, बियाणं यांच्या दुकानांना खुशाल द्या. खाण्यापिण्याचं वेगळं आहे. अन्न सुरक्षा व मानके पॅकेजिंग नियम २०१८ मध्ये वर्तमानपत्र किंवा तसल्या कागदात अन्न गुंडाळायला बंदी आहे, शाईतली रसायनं अन्नात उतरतात म्हणून. तुमचा कागद कोरा आहे, पण डॅमेज रील कुठं पडली होती, काय सांडलं, कोणता उंदीर फिरला, हे तुम्ही छातीठोक सांगू शकत नाही. समोसा-भज्याच्या तेलकट पिशवीसाठी फूड ग्रेड लिहिलेला नवा कागदच घ्या. पैसे दोन जास्त जातील.

१७. दोन-तीन रीलचा कागद एकाच वहीत टाकला तं कळते का?

पांढरेपणा वेगळा असला की काठावर पट्टे दिसतात, लगेच कळते. जाडी वेगळी असली तं शाई फुटते त्या पानापासून पोरगं तक्रार करते. लेबल नसलेल्या रीलचं जीएसएम काढायचं तं १० × १० सेंमीचे १०० तुकडे कापा, सगळ्यांचं मिळून ग्रॅममध्ये जे वजन आलं तेच जीएसएम, कारण शंभर तुकडे म्हणजे एक चौरस मीटर. सोनाराचा काटा असेल तं दहा तुकड्यांवर पण भागते, आलेल्या वजनाला दहानं गुणा.

१८. शेवटी जे उरते त्याचं काय?

कोरा पांढरा, खाकी आणि छापील असे तीन ढीग वेगळे ठेवा, मिसळलेल्या ढिगाला सगळ्यात खालचा भाव मिळतो. लांब पट्ट्या सामान पॅक करताना भरायला जातात. पूर्ण कामातून गेलेल्या कागदाचा लगदा करून हातकागद होतो, आणि हे आपल्याकडं नवं नाही, वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तिथं गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीत हातकागदाचं काम होतं. आज तिथंच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, लगद्याच्या धंद्याचा विचार असेल तं एकदा जाऊन या, वर्धा काही लांब नाही.

१९. मी चांगली रील मागवली होती, ट्रान्सपोर्टमध्ये डॅमेज झाली. सोलून वापरायला घेऊ का आधी भांडू?

सुरी लावू नका. आधी रील ट्रकवर असतानाच फोटो, लेबल दिसेल असे. मग बिल्टीच्या (ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या) पोच कॉपीवर सही करण्याआधी स्वतःच्या अक्षरात लिहा की कोणती रील, काय डॅमेज, किती खोल. ड्रायव्हर म्हणतो साहेब नुसती सही करा, नंतर पाहू, त्याच्यात पडू नका. कॅरेज बाय रोड कायदा २००७ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाही तं कोर्टात दावाच उभा राहत नाही. विमा असेल तं सर्व्हेअर येईपर्यंत रील तशीच झाकून ठेवा. भिजली असेल आणि थांबणं शक्यच नाही तं विमावाल्याला लेखी कळवून, फोटो काढून, ओले वेढे वेगळे करा आणि फेकू नका, वजन करून बाजूला ठेवा, तेच तुमचा पुरावा.

२०. बिलिंग मशीनची थर्मल रील आणि कार्बनलेस रील पण स्वस्तात मिळून राहिली. याच पद्धती चालतात का?

अर्ध्याच चालतात. कार्बनलेस कागद दाबावरच उमटतो, म्हणून पडलेली, दबलेली रील बाहेरून ठीक दिसली तरी उघडल्यावर निळे डाग निघतात, आणि ते किती खोल गेले ते उघडल्याशिवाय कळत नाही. ती घेऊच नका, किंवा आधी एक जागा कापून पाहू देत असतील तरच घ्या. थर्मल कागद उष्णतेनं काळा पडतो, टिनाच्या गोडाऊनमध्ये उन्हाळा काढलेली रील काठापासून राखाडी होते, नखानं ओरखडा मारून रेघ काळीभोर उमटते का ते पाहा, फिकी उमटली तं माल जुना. थर्मलच्या कापलेल्या पट्ट्या खाण्याच्या जवळ नाही, लेकरांच्या हातात नाही, आणि चांगल्या पांढऱ्या रद्दीत तं बिलकुल मिसळायच्या नाहीत, रद्दीवाल्यानं पाहिलं तं पूर्ण ढिगाचा भाव पाडतो.